मालिकेचं शेवटचं पुस्तक चार महिने उशाशी पडून आहे. तुम्ही असं करता का?

उशिरा_झोपणारी

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज काढतेच.

नलिनी सिंग यांची 'साय-चेंजलिंग' ही मालिका माझी सध्या सगळ्यात लाडकी. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: साल साधारण २०७९. जगात तीन प्रकारचे लोक. साधी माणसं, बिबट्या-लांडगा वगैरे रूप घेऊ शकणारे चेंजलिंग, आणि मनाच्या शक्ती असलेले साय. सायांमध्ये वेड आणि हिंसा इतकी वाढली की १९७९ मध्ये त्यांनी ठरवून भावनाच बंद करून टाकल्या. लहानपणापासून पोरांना असं वळण लावायचं की राग, लोभ, माया काही उमटूच नये. त्याला नाव 'सायलेन्स'. पहिल्या पुस्तकात (२००६) एक साय बाई आणि बिबट्यांच्या टोळीचा म्होरक्या समोरासमोर येतात. तिथून पुढे ती भिंत एकेक वीट करून ढासळत जाते.

आता माझी गंमत. मी सुरुवात केली ती दहाव्या पुस्तकापासून! मैत्रिणीने हातात दिलं, म्हणाली, "लांडग्याचं आहे, वाच." पन्नास पानं नुसती नावं. परक्या लग्नात शिरावं आणि प्रत्येकाने आपल्याला ओळखत असल्यासारखं बोलावं, तसं झालं. तरी सोडवेना. ते संपवलं, मग मागे जाऊन पहिल्यापासून ओळीने चौदापर्यंत आले. पंधरावं (२०१६चं, 'अलीजियन्स ऑफ ऑनर') म्हणजे या कथेच्या पहिल्या पर्वाचा शेवट. ते चार महिने तसंच पडून आहे. रोज रात्री उघडते, पहिला परिच्छेद वाचते, मिटते. आता तो परिच्छेद पाठ झालाय.

तर दोन प्रश्न. अशा मालिका क्रमानेच वाचता का? आणि शेवटचं पुस्तक असं पुरवून ठेवता का, की मीच एकटी वेडी?

पानपलट

पहिला! बाकीचं वाचून सावकाश लिहितो.

चष्मेबहाद्दर

बिबट्याच्या प्रेमात पडलेल्या बाईची गोष्ट वाचायला रात्री जागता? बरं. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

उशिरा_झोपणारी

चष्मेबहाद्दर, दिवा घेतला, त्याच उजेडात वाचते.

शेवटचं_पान

क्रमाने. वाद नाही.

खरं तर या प्रकारात प्रत्येक पुस्तकाची जोडी वेगळी असते आणि त्या जोडीचं त्या पुस्तकात गोड होतं. त्यामुळे मधूनच एखादं उचललं तरी प्रेमकथा कळते. पण सिंगबाईंची मेख अशी की प्रेमकथा पुढच्या अंगणात चालते आणि मागच्या परसात राजकारण शिजत असतं. सायांचं ते मनांचं जाळं, सायनेट. त्यातून बाहेर पडलं तर साय जगत नाही, मेंदूला त्याचा आधार लागतो. मग पहिल्या पुस्तकातल्या नायिकेने टोळीत जायचं तर जगायचं कसं, हा खरा पेच आहे. प्रेम आहे की नाही हा पेचच नाही. याचं उत्तर ज्याने आधी दहाव्या पुस्तकात ऐकलं, त्याला पहिल्याची धास्ती काय कळणार?

उशिरा, तू दहाव्यापासून सुरुवात करून पहिल्या पुस्तकातली चांगली दीडशे पानं वाया घालवलीस. रागावू नकोस.

उशिरा_झोपणारी

रागावत नाही, पण वाया नाही गेली. ती जगते हे मला माहीत होतं, म्हणून मी बाकीच्या गोष्टी बघितल्या. बिबट्याचं पिल्लू तिचा बूट चावायला लागतं, आठवतंय? तिला हसू येतंय आणि हसू येणं हाच तिच्या जगात गुन्हा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही आणि खाली बुटाशी हे चाललेलं. पुढे काय होणार या घाईत असते तर मी ते पान भरभर उलटलं असतं.

कुंपणावरची

मी या वाटेला दुसऱ्या दाराने आले. इलोना अँड्र्यूज यांची केट डॅनियल्स मालिका. (नाव एका बाईचं वाटतं, पण ते नवरा-बायको मिळून लिहितात.) दहा पुस्तकं, २००७ ते २०१८. त्यात नायिका एकच, सगळं तीच सांगते, 'मी'मधून. अटलांटा शहर, जादूची लाट आली की यंत्रं बंद, लाट ओसरली की जादू बंद. तिचं आणि सिंहाचं रूप घेणाऱ्या त्या नायकाचं नीट जमायला चौथं पुस्तक उजाडतं! तिथे क्रम मोडून चालतच नाही.

म्हणून मला वाटतं प्रश्नाचं उत्तर प्रकारावर आहे. एक जोडी एक पुस्तक असेल तर थोडी मोकळीक, एकच नायिका असेल तर पहिल्यापासून मुकाट वाचा. दुकानदार आणि ॲपवाले दोन्ही एकाच फळीवर ठेवतात आणि घोळ होतो. प्रेमकथा हवी म्हणून केट घेतलेली माझी बहीण दोन पुस्तकं झाल्यावर विचारते, "अगं, हे अजून भांडतातच आहेत?"

निम्मी_रात्र

कुंपणावरची, मम!! त्या दोघांची भांडणं हाच तर रोमान्स आहे.

पानपलट

आलो. मी पुरुष आहे आणि मी हे सगळं वाचतो, आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचे विनोद लवकर उरकतील.

बायकोच्या ई-रीडरवर माझं पुस्तक संपलं म्हणून तिचं उघडलं, इतकंच निमित्त. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन. ही बाई गाड्यांची मेकॅनिक, जुन्या फोक्सवॅगन दुरुस्त करते आणि मनात आलं की कायोटी होते. कायोटी, लांडगा नव्हे! म्हणजे सगळे आडदांड लांडगे एकीकडे आणि ही त्यांच्या निम्म्या आकाराची. ताकदीत कधीच जिंकणार नाही, म्हणून डोकं चालवते. मला ते फार भावलं. हाताला लागलेलं ग्रीस नीट निघत नाही ही तक्रार ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक खोटं बोलत नाही, असा माझा एक समज.

शेवटचं पुस्तक राखण्याबद्दल: राखू नका. मी जिम बुचरच्या मालिकेत पंधराव्यानंतर सहा वर्षं थांबलोय (२०१४ ते २०२०). तेही माझ्या हातात नव्हतं. सोळावं आलं तेव्हा निम्मी माणसं विसरलो होतो.

चष्मेबहाद्दर

ई-रीडरचा मुद्दा महत्त्वाचा. त्यावर मुखपृष्ठ दिसत नाही.

निम्मी_रात्र

हाहाहा! खरंय. छापील प्रत असली की मी वर्तमानपत्राचं कव्हर घालते. दहावीच्या पुस्तकांना घालायचो तसं. सासूबाईंनी विचारलं, "कसला अभ्यास चाललाय?" म्हटलं, प्राणिशास्त्र.

लांडगेतोड

प्राणिशास्त्राचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. अवांतर आहे, ज्यांना नको त्यांनी पुढे जावं.

या सगळ्या पुस्तकांत 'अल्फा' असतो. टोळीत सगळ्यात बलवान, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही वगैरे. ही कल्पना आली कुठून? १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण केलं. वेगवेगळ्या ठिकाणचे लांडगे एका आवारात कोंबलेले, मग ते भांडणारच. १९७०च्या डेव्हिड मेच यांच्या पुस्तकाने 'अल्फा' शब्द घरोघरी पोहोचवला. पुढे मेच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लेख लिहून सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. कोणी कोणाशी लढून वर चढत नाही. पोरं मोठी होतात आणि आपापला संसार थाटायला निघून जातात.

चष्मेबहाद्दर

म्हणजे अल्फा म्हणजे बाबा?

लांडगेतोड

आणि आई.

निम्मी_रात्र

एवढा मोठा रोमान्स दोन शब्दांत मारलास रे. आता तो गुरगुरला की मला बाबांचा "दिवे बंद करा, वीजबिल कोण भरणार" आठवणार.

शेवटचं_पान

लांडग्यांचं सोडा, बिबट्याचं काय? खरा बिबट्या एकांडा असतो. पिल्लं आईबरोबर असतात तेवढीच, मग ज्याचं रान त्याचं. बिबट्यांची टोळी ही मुळातच लेखिकेची मनमानी. पण मला ती आवडते, कारण तिने टोळी माणसांच्या अर्ध्याकडून घेतली आहे, जनावराच्या अर्ध्याकडून नाही. एकमेकांच्या खांद्यावर सहज हात ठेवणं, जेवताना खेटून बसणं. साय बाईला कोणी तिच्या आयुष्यात असं सहज शिवलेलं नाही. ती पहिल्यांदा त्या घरात जाते तेव्हा सगळे एकमेकांना येताजाता हात लावतायत हेच तिला सगळ्यात विचित्र वाटतं. मांत्रिक, जादू काही नाही, नुसता हात. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

जुनी_वही

धाग्याचा सूर बिघडवते, पण बोलायला हवं. 'नियतीने ठरवलेला जोडीदार' हा प्रकार मला आता झेपत नाही. पंधरा वर्षांपूर्वी याच पुस्तकांवर जीव टाकत होते. परवा त्याच काळातली, दुसऱ्याच एका लेखिकेची मालिका पुन्हा काढली. नायक बाईला न विचारता उचलून नेतो, दार लावतो, "तू माझी आहेस" म्हणतो आणि आपण हुरळून जायचं. का? तर त्याच्या आत लांडगा आहे. घरात कोणी असं वागलं तर आपण काय म्हणू?

निम्मी_रात्र

अगं, पण ते स्वप्नरंजन आहे. कोणी उचलून न्यावं असं प्रत्यक्षात कुणालाच वाटत नाही. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला खून करायचा नसतो.

जुनी_वही

खुनाच्या कादंबरीत खुनी पकडला जातो, निम्मी. इथे त्याला बायको मिळते.

निम्मी_रात्र

…हे लागलं. विचार करते.

कुंपणावरची

जुनी_वही, मुद्दा मान्य, फक्त सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस. चांगली लेखिका जोडीदाराचं बंधन असलं तरी त्याला कुठेतरी 'नाही' म्हणायची फट ठेवते. सिंगबाईंच्या चेंजलिंगांमध्ये बंधन पुरं व्हायला बाईने ते स्वीकारावं लागतं. पुरुषाला आतून कितीही कळलेलं असो, ती दार उघडत नाही तोवर तो उंबऱ्यावर. पुष्कळ पुस्तकांमध्ये सगळी ओढाताण तिथेच आहे. गुरगुरणं भरपूर आहे, ते मलाही कधीकधी जास्त होतं. पण किल्ली तिच्याकडे.

जुनी_वही

हे ठाऊक नव्हतं. एखादं वाचून बघेन. गुरगुरणं कमी असलेलं कोणतं?

शेवटचं_पान

तिसरं. 'केरेस्ड बाय आइस'. तिथे नायक साय आहे. स्वतःचीच ताकद कोणाला मारून टाकेल या भीतीने गोठलेला. गुरगुरायचं काम नायिकेकडे.

घुबड७

मला एक सांगा, हे मराठीत लिहायचं झालं तर 'शेपशिफ्टर'ला काय म्हणणार?

चष्मेबहाद्दर

इच्छाधारी. झालं काम. इच्छाधारी बिबट्या.

निम्मी_रात्र

डोळ्यांसमोर हिरव्या लेन्स, पुंगी आणि दर गुरुवारी सूड. नको!!

पानपलट

'रूपबदल्या' कसा वाटतो?

घुबड७

रूपबदल्या म्हणजे निवडणुकीआधी पक्ष सोडणारा वाटतो.

लांडगेतोड

जुन्या भाषेत 'कामरूपी' आहे, हवं ते रूप घेणारा. शब्द अस्सल, पण रोमान्सच्या धाग्यावर 'काम' म्हटलं की पुढचं कोणी वाचणार नाही.

अजून एक अवांतर, मग गप्प बसतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा नावात वेताळाला थेट 'व्हॅम्पायर' करून टाकलं. आपला वेताळ झाडाला उलटा लटकतो, प्रेतात शिरतो आणि कोडी घालतो. राजाच्या मानेकडे त्याचं लक्षही नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला त्यानंतरचा, १८९७चा. आणि तोही दिवसाढवळ्या हिंडतो बरं का. उन्हात शक्ती कमी होते इतकंच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे १९२२च्या मूकपटाने पसरवलं.

निम्मी_रात्र

कोडी घालणारा आणि मानेकडे न बघणारा? हा तर आमच्या ह्यांच्यासारखा निघाला.

उशिरा_झोपणारी

व्हॅम्पायर आवडणाऱ्यांसाठी: सिंगबाईंची दुसरी मालिका आहे, 'गिल्ड हंटर' (२००९ पासून). त्यात देवदूतच माणसांना व्हॅम्पायर करतात आणि देवदूत भयंकर असतात, पांढऱ्या पंखांचे गोजिरवाणे नाहीत. न्यूयॉर्कवर एका महादूताचं राज्य. पहिली तीन पुस्तकं एकाच जोडीची आहेत, म्हणून तिथे मात्र क्रमाने, शेवटचं_पान म्हणते तसं.

मधलाच_कोणी

बाराव्या पुस्तकात तो 'घोस्ट' म्हणजे [संपादित] निघतो तेव्हा मी तर खुर्चीतून पडलो!

शेवटचं_पान

अरे!!! काढ ते! आधी काढ!

उशिरा_झोपणारी

देवा. मी वाचलंय म्हणून बरं. पण जुनी_वही तिसरं वाचायला घेतेय आणि तू बारावं सांगतोस? या पुस्तकाचा नायक कोण हे प्रकाशनाआधी मुद्दाम झाकून ठेवलं होतं. वाचक कित्येक महिने तर्क लढवत होते. आणि तू एका ओळीत!

मधलाच_कोणी

चुकलं. काढलंय. २०१३चं पुस्तक आहे, सगळ्यांना माहीत असेल वाटलं.

जुनी_वही

मी बघितलं होतं. पण नाव वाचून काही कळलं नाही, त्यामुळे चालेल. तिथे पोहोचेपर्यंत विसरेन, वयाचा एवढा तरी फायदा.

घुबड७

शेवटाबद्दल. शार्लेन हॅरिस यांच्या सूकीच्या मालिकेत तेरा पुस्तकं होती, शेवटचं २०१३ मध्ये आलं. नायिका कोणाबरोबर जाते यावरून वाचक इतके चिडले की विचारू नका. मी बाराव्या पुस्तकावर थांबले. तेरावं घरात आहे, वाचलेलं नाही, वाचणार नाही. माझ्या डोक्यात ती अजून बारमध्ये ऑर्डरी घेतेय आणि सगळे पर्याय खुले आहेत. उशिरा, तू वेडी नाहीस. पण तुझं कारण माझ्यापेक्षा वेगळं असणार. तुला शेवट बिघडेल अशी भीती आहे का?

उशिरा_झोपणारी

नाही. बिघडणार नाही हे माहीत आहे.

खरं सांगू का, गेल्या वर्षी आईचं आजारपण झालं. रात्री तिच्या खोलीत बसायचं असायचं, दिवा लावता येत नसे, म्हणून फोनचा उजेड अगदी कमी करून ही पुस्तकं वाचली. चौथ्यापासून चौदाव्यापर्यंत सगळी त्याच खुर्चीत. दर दोन तासांनी तिला पाणी द्यायचं, तेवढ्यापुरतं बिबट्यांना थांबवायचं. ती विचारायची, "झालं का गं त्यांचं?" मी म्हणायची, नाही अजून, भांडतायत. तिला कथा काही माहीत नव्हती. तरी रोज विचारायची. आता ती ठणठणीत आहे, मावशीकडे गेलीय आणि फोनवर मला आल्यागेल्याला नावं ठेवून दाखवते, तेव्हा काळजी नको. पण पंधरावं त्या खुर्चीत वाचायचं राहिलं आणि दुसरीकडे बसून ते सुरूच होईना.

पानपलट

मग त्याच खुर्चीत बसा की.

शेवटचं_पान

मघाशी 'वाया घालवलीस' म्हणाले ते मागे घेते.

आणि ऐक. पंधराव्यात नवी जोडी नाही. प्रेमकथा म्हणून बघितलंस तर निराश होशील, तसे पुष्कळ झालेत. ते संमेलन आहे. आधीच्या सगळ्या जोड्या येतात, कोणाचं काय चाललंय ते कळतं. मर्सीचे (याच मालिकेतली, पानपलटची कायोटी नव्हे) दिवस भरत आलेत. ती बिबट्या, नवरा लांडगा, त्यामुळे पोटातली पोरं कोणावर जाणार यावरून दोन्ही टोळ्यांची जुंपलेली आहे. आणि ते संपलं तरी सगळं संपत नाही, २०१७ पासून दुसरं पर्व सुरू होतं. त्यात अस्वलं आहेत. मॉस्कोची. अतिशय आगाऊ.

निम्मी_रात्र

अस्वलं!! हे आधी का नाही सांगितलं?

लांडगेतोड

अस्वलही एकांडंच असतं हो, नोंद असावी.

निम्मी_रात्र

लांडगेतोड, गप्प बसणार होतात ना?

जुनी_वही

तिसऱ्याची साठ पानं झाली. हा मुलगा स्वतःला शिवू देत नाही आणि ती त्याच्यावर गुरगुरते. तक्रार तूर्त स्थगित, मागे घेतलेली नाही.

उशिरा_झोपणारी

काल रात्री खुर्चीत बसले. आई परत आलीय, झोपली होती. पाठ असलेला परिच्छेद ओलांडला आणि शंभर पानं झाली कधी ते कळलं नाही. दोन वाजता ती जागी झाली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "झालं का त्यांचं?" म्हटलं, पोरं व्हायचीत. तर उठून बसली. कोणाला, कधी, किती. बिबट्या आणि लांडगा हे सांगितल्यावर जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईवर जातील."

लांडगेतोड

लांडगे होणार. लिहून घ्या.

निम्मी_रात्र

बिबटे! आई म्हणाल्यात ना!

चष्मेबहाद्दर

मी पहिलं पुस्तक काल घेतलं. कोणी काही बोलायचं नाही. पोरं लांडगे की बिबटे?

उशिरा_झोपणारी

चष्मेबहाद्दर, पंधरावं आहे ते. आधी चौदा वाचा.